तीस वर्षांचा उपवास: संत जोसेफ वाझ



आज ख्रिस्तशरीर व ख्रिस्तरक्ताचा सोहळा. दरवर्षी या रविवारी आम्ही कम्युनियनविषयी प्रवचन करतो, आणि दरवर्षी मिस्सा संपल्यावर वाटते की जे सांगायचे ते राहूनच गेले. व्याख्या सांगून होतात, धर्मशिक्षणाच्या पुस्तकातली उत्तरे सांगून होतात. मुलांना ती पाठ असतात. मोठ्यांनाही कधीकाळी पाठ होती. म्हणून या खेपेला प्रवचनाला जोड म्हणून एका माणसाची गोष्ट येथे लिहीत आहोत. तीनशे वर्षांपूर्वीचा हा धर्मगुरू गोव्याचा. त्याने आपले अर्धे आयुष्य एकाच कामात घालवले: ज्यांना कम्युनियन मिळत नव्हते त्यांच्यापर्यंत ते पोहोचवायचे.

त्याआधी थोडी आपली आठवण काढू. 2020 च्या मार्चमध्ये चर्चची दारे बंद झाली. महाराष्ट्रात ती 16 नोव्हेंबर 2020 रोजी, दिवाळीच्या पाडव्याला उघडली. दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद झाली आणि 7 ऑक्टोबर 2021 रोजी पुन्हा उघडली. त्या दिवसांत आम्ही रिकाम्या बाकांसमोर एकट्याने मिस्सा अर्पण करत होतो. एके रविवारी फाटकाबाहेर आपल्यातलीच एक आई मुलाचा हात धरून उभी होती. आत येता येणार नाही हे तिला ठाऊक होते. दिवा दिसतो तेवढा बघून जाते, असे तिने आम्हाला सांगितले. त्याच काळात टीव्हीवर आणि मोबाइलवर मिस्सा पाहण्याची सवय लागली. दारे उघडली तेव्हा बहुतेक जण परतले. काही जण अजूनही परतलेले नाहीत. त्यांची नावे आम्हाला माहीत आहेत. आम्ही रागावलेलो नाही, पण त्यांच्याच विचाराने हा लेख लिहायला घेतला हे लपवण्यात अर्थ नाही.

आता गोष्ट. जोसेफ वाझ, गोव्यात त्यांना जुझे वाझ म्हणतात, यांचा जन्म 21 एप्रिल 1651 रोजी बाणावली येथे आजोळी झाला. वडील ख्रिस्तोवाव वाझ सांकवाळचे, आई मारिया द मिरांडा बाणावलीची. घरात कोकणी बोलली जाई. बाणावलीच्या संत योहान बाप्तिस्ता यांच्या चर्चमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. हा सारा मुलूख साष्टीचा. याच साष्टीत फादर थॉमस स्टीफन्स यांनी मराठीत ख्रिस्तपुराण रचले. ते 1616 मध्ये छापले गेले आणि 1649 व 1654 मध्ये पुन्हा छापावे लागले. म्हणजे बाळ जोसेफ पाळण्यात होता त्या सुमारास आपल्या मराठी भाषेतील येशूचरित्राची तिसरी आवृत्ती निघत होती. मराठी भाविकांना वाझ परके वाटू नयेत, एवढ्यासाठी हे सांगितले.

प्राथमिक शिक्षण सांकवाळला, लॅटिन बाणावलीला, पुढचे शिक्षण जुन्या गोव्यात जेझुइटांच्या संत पॉल महाविद्यालयात. तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान त्यांनी डॉमिनिकन संघाच्या संत थॉमस अक्वायनस विद्यालयात केले. येथे आम्हाला थोडे थांबायचे आहे. सेमिनरीत आम्ही तत्त्वज्ञानच शिकलो, त्यामुळे हा मोह आवरत नाही. वाचकांनी सांभाळून घ्यावे.

तेराव्या शतकातील संत थॉमस यांनी या संस्काराविषयी जेवढा खोल विचार केला तेवढा क्वचितच कोणी केला असेल. आजच्या सणाच्या प्रार्थना आणि गीतेही परंपरेने त्यांचीच मानली जातात. ख्रिस्तसभेची शिकवण ट्रेंटच्या विश्वपरिषदेने 1551 मध्ये, म्हणजे वाझ यांच्या जन्माआधी बरोबर शंभर वर्षे, नेमक्या शब्दांत मांडली. ती बुटीबोरीच्या भाषेत सांगायची तर अशी. आपल्या एमआयडीसीत पोलादाचे कारखाने आहेत. तेथे भंगार वितळवतात, त्याच्या सळ्या करतात. आकार बदलतो, रंग बदलतो, पण लोखंड लोखंडच राहते. वेदीवर नेमके याच्या उलट घडते. भाकरीचा आकार, रंग, चव, वजन काहीच बदलत नाही. प्रयोगशाळेत नेली तर गव्हाचेच कण दिसतील. पण ती काय आहे, हे बदलते. अर्पणप्रार्थनेनंतर तेथे भाकर उरत नाही. तेथे ख्रिस्त असतो, संपूर्ण, जिवंत. या बदलाला ईशज्ञानात ट्रान्ससब्स्टॅन्शिएशन असा लांबलचक शब्द आहे. तो लक्षात राहिला नाही तरी चालेल. सळईचे उदाहरण उलटे करून पाहिले की पुरे.

उदाहरण अपुरे आहे हे आम्ही जाणतो. लोखंड वितळताना डोळ्यांना दिसते, वेदीवरचे दिसत नाही. तेथे प्रभूच्या शब्दावर विश्वास ठेवावा लागतो. तरुण वाझ हे सर्व शिकले, परीक्षा दिल्या आणि 1676 मध्ये धर्मगुरू झाले. पण आम्हाला भावते ते पुढचे. गोव्याच्या आर्चबिशपांच्या राजधानीत विद्वान धर्मगुरू म्हणून मिरवता आले असते. ते सांकवाळला परतले, मुलांना लॅटिन शिकवू लागले आणि गरिबांसारखे अनवाणी चालू लागले. 5 ऑगस्ट 1677 रोजी त्यांनी सांकवाळला पवित्र मरियेच्या चरणी स्वतःला गुलाम म्हणून लिहून दिले. त्या काळी गुलामांची खरेदी-विक्री गोव्याच्या बाजारात चालत असे. त्यामुळे गुलाम हा शब्द त्यांनी अलंकार म्हणून वापरला नसणार.

सेमिनरीत असताना आम्ही सांकवाळला गेलो होतो. आरोग्यमातेचे ते जुने चर्च एकोणिसाव्या शतकात जळाले. आता फक्त त्याची दर्शनी भिंत उभी आहे. पांढरी, नक्षीदार, मागे मोकळे आकाश. आम्हा विद्यार्थ्यांपैकी एकाने तेव्हा गमतीने म्हटले होते की पुष्कळ ख्रिस्ती लोक असेच असतात, समोरून चर्च आणि मागे काही नाही. सगळे हसले. आम्ही त्या रात्री झोपताना जरा गप्प होतो.

1681 मध्ये वाझ यांना कानडा प्रांतात पाठवले गेले: मंगळूर, बसरूर, कुंदापूर, गंगोळी. तेथे केळदीच्या राणी चेन्नम्मांचे राज्य होते. याच राणीने पुढे 1689 मध्ये छत्रपती राजाराम महाराजांना आश्रय दिला. तेथील ख्रिस्ती लोकांचे दुखणे वेगळेच होते. पोर्तुगालच्या राजाच्या अधिकाराखालचे धर्मगुरू आणि रोमहून थेट नेमलेल्या बिशपांचे धर्मगुरू यांच्यात अधिकाराचा वाद पेटला होता. साध्या माणसाला कळेना की कोणाच्या हातून घेतलेले कम्युनियन खरे. ज्या संस्काराने सगळे एक व्हायचे त्याच्याच रांगेत दोन तट. वाझ पोर्तुगीज बाजूचे म्हणून पाठवले गेले होते. तरी ते दुसऱ्या बाजूच्या बिशपांकडे नम्रपणे गेले आणि लोकांच्या विवेकाला टोचणी लागू नये अशी वाट काढण्याचा प्रयत्न केला. वाद पूर्ण मिटला नाही. तीन वर्षांनी, 1684 मध्ये ते गोव्याला परतले.

परतल्यावर जुन्या गोव्यात काही गोमंतकीय धर्मगुरू एकत्र राहून प्रार्थना करत होते त्यांत ते सामील झाले. 1685 मध्ये त्यांनी वाझ यांना प्रमुख निवडले. संत फिलिप नेरी यांच्या ओरेटरीच्या नियमांवर चालणारा हा संघ, भारतीय धर्मगुरूंनी भारतीय धर्मगुरूंसाठी उभारलेला. त्या काळात गोऱ्या धर्मसंघांत आपल्या लोकांना प्रवेश मिळणे फार अवघड होते, ही गोष्ट विसरता येत नाही आणि विसरूही नये.

पण त्यांचे मन आधीपासून समुद्रापलीकडे गेले होते. डच लोकांनी, आपल्या बखरींतल्या वलंदेजांनी, पोर्तुगीजांकडून 1656 मध्ये कोलंबो आणि 1658 मध्ये जाफना घेतले. डच ईस्ट इंडिया कंपनी कॅल्व्हिन पंथाची होती. कॅथलिक धर्मगुरूंना बेटाबाहेर काढले गेले. चर्चेस त्यांच्या पंथाकडे गेली. धर्मगुरूला घरात लपवणाऱ्याला मृत्युदंड. बाप्तिस्मा आणि विवाहाची नोंद त्यांच्याच चर्चमध्ये करावी लागे, त्यांच्या शाळेत मुले न पाठवली तर दंड भरावा लागे. कॅल्व्हिन पंथातही प्रभुभोजन आहे आणि ते श्रद्धेने घेतले जाते. नागपुरात आपले प्रॉटेस्टंट बांधव ते घेतात आणि आम्ही त्यांचा आदर करतो. पण त्यांच्या शिकवणीत भाकर भाकरच राहते. जाफन्याच्या त्या कोळ्यांना आणि शेतकऱ्यांना हा फरक मोठ्या ग्रंथातून कळला नव्हता. त्यांना एवढेच माहीत होते की आजोबांनी जे घेतले ते हे नव्हे.

मग ते काय करत? घरात दारे लावून रोझरी म्हणत. मुलांना प्रार्थना शिकवत. मरणाऱ्यापाशी बसून पश्चात्तापाची प्रार्थना म्हणत. आणि मिस्सा? मिस्सा नव्हती. जवळजवळ तीस वर्षे. ज्या मुलाने 1658 मध्ये पहिले कम्युनियन घ्यायचे होते, तो 1687 मध्ये चाळिशीच्या उंबरठ्यावर होता आणि त्याने पवित्र भाकर अजून जिभेवर घेतली नव्हती. लॉकडाऊनचे ते काही महिने आठवा आणि त्यांना तीस वर्षांनी ताणून पाहा.

गोव्यात ही बातमी पोहोचली होती. 1686 मध्ये वाझ यांनी प्रमुखपद सोडले आणि जॉन नावाच्या एका तरुण सेवकासह निघाले. किनाऱ्याने खाली तुतिकोरीनपर्यंत, तेथून बोटीने. धर्मगुरूचा झगा उतरवला, हमालाचे-भिकाऱ्याचे कपडे घातले. मिस्सेचे साहित्य लपवून नेले. 1687 मध्ये ते जाफन्याला पोहोचले तेव्हा प्रवासातल्या उपासमारीने आणि हगवणीने मरणाच्या दारात होते. चरित्रकार सांगतात की एक बाई पेज आणून देत असे, तिच्या त्या पेजेवर ते जगले. हजारोंना स्वर्गीय भाकर द्यायला आलेल्या माणसाला आधी कोणाच्या तरी हातची पेज खावी लागली. आम्हाला हा प्रसंग फार आवडतो.

अंगात बळ आल्यावर कॅथलिक शोधायचे कसे, हा प्रश्न आला. विचारायची सोय नव्हती. विचारलेला माणूस खबऱ्या निघाला तर संपलेच. त्यांनी गळ्यात रोझरी घातली आणि दारोदार भीक मागू लागले. माळेकडे कोण कसे पाहतो ते ते पाहत. कोणी तोंड फिरवी, कोणी हसे. एखाद्या घरातल्या म्हाताऱ्याची नजर माळेवर थबके. तेथे ते पुन्हा जात, हळूहळू बोलत, आणि खात्री पटल्यावर सांगत की आपण धर्मगुरू आहोत. लोकांनाही आधी विश्वास बसेना. डचांचा हा सापळा तर नाही? आणि गोरा नसलेला, काळासावळा, फाटका माणूस धर्मगुरू कसा असेल?

खात्री झाली तेव्हा काम रात्री सुरू झाले. अंधार पडला की एका घरी लोक जमत. येथे वाझ यांची एक पद्धत होती, आणि या लेखातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट आमच्या मते हीच. तीस वर्षे उपाशी असलेल्यांना त्यांनी आल्या आल्या कम्युनियन देऊन टाकले नाही. आधी शिकवण दिली. मग रात्रभर पापनिवेदन ऐकले. एकेका माणसाच्या मनात तीस वर्षांचे साचलेले होते. ज्यांची लग्ने सक्तीने डच पाळकापुढे झाली होती त्यांची लग्ने नीट लावून दिली. मुलांचे बाप्तिस्मे तपासले, जे राहिले होते ते केले. हे सर्व झाल्यावर, पहाटेच्या आधी मिस्सा. मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंबही न घेण्याचा तेव्हा नियम होता. 1964 पासून आपल्याला एक तासाचा उपवास पुरतो आणि तोही काही जणांना जड जातो. सूर्य उगवण्याआधी धर्मगुरू पुढच्या गावाला निघून गेलेला असे.

आम्ही आपल्या रांगेकडे पाहतो तेव्हा ही रात्र आठवते. आपल्याकडे दोन्ही प्रकारचे लोक आहेत. पहिल्या प्रकारचे रांगेत उभे राहतात कारण शेजारचा उठला. हात पुढे करतात, आमेन म्हणतात, आणि तो आमेन म्हणजे काय हे क्षणभरही मनात येत नाही. समोर जे आहे ते ख्रिस्ताचे शरीर आहे याला दिलेला तो होकार आहे. सही करण्यासारखा आहे. काही जण तर कम्युनियन घेऊन बाकावर न परतता थेट चपला घालतात, कारण रविवारचा बाजार लवकर आटपायचा असतो. आम्ही वेदीवरून हे पाहतो. तुम्हाला वाटते आम्हाला दिसत नाही. दुसऱ्या प्रकारचे कधीच उठत नाहीत. पाच वर्षे, दहा वर्षे शेवटच्या बाकावर. आपण लायक नाही असे त्यांना वाटते. त्यांतले कित्येक आमच्याकडे एकदा आले तर अर्ध्या तासात गाठ सुटेल.

विशेषतः लग्नाबद्दल. आपल्या धर्मग्रामात कामासाठी केरळ, तमिळनाडू, आंध्र, ओडिशा, झारखंड येथून आलेली कुटुंबे आहेत. गाव दूर, कागदपत्रे दूर, म्हणून काहींनी नोंदणी कार्यालयात लग्न केले आणि चर्चमधले राहून गेले. मग लाज वाटून कम्युनियन सुटले, पुढे मिस्साही सुटली. जाफन्यातली जोडपीही अशीच होती, कारण वेगळे असले तरी. वाझ यांनी त्यांना झिडकारले नाही आणि जसे आहात तसे या असेही म्हटले नाही. बसून एकेकाचे सोडवले. ते काम वेळखाऊ आहे. आम्हीही वेळ देऊ, एवढे या निमित्ताने सांगतो. प्रत्येक प्रकरण सारखे नसते, काही सोडवायला धर्मप्रांताच्या कार्यालयाकडे जावे लागते, पण सुरुवात तर करता येते.

जाफन्याजवळच्या सिल्लालै या गावात वाझ यांनी मुक्काम ठेवला, कारण तेथील लोक विश्वासात पक्के होते. पण एवढे लोक रात्री जमतात ही गोष्ट किती दिवस लपणार? 1689 च्या नाताळच्या रात्री डच शिपायांनी मिस्सासाठी जमलेल्या घरांवर छापे घातले. धर्मगुरू त्यांच्या हाती लागला नाही; लोक लागले. पुष्कळांना पकडले, दंड झाले, काहींना कठोर शिक्षा झाल्या. ही माणसे कशासाठी जमली होती हे पुन्हा एकदा ध्यानात घ्यावे. जेवणाच्या पंगतीसाठी नव्हे, केक आणि नव्या कपड्यांसाठी नव्हे.

त्यानंतर वाझ पुत्तलमकडे सरकले. तो भाग कँडीच्या सिंहली राजाचा, डचांच्या हाताबाहेरचा. 1692 मध्ये ते कँडीला निघाले. पण दरबारातल्या एका फ्रेंच प्रॉटेस्टंट माणसाने राजाचे कान भरले की हा पोर्तुगीजांचा हेर आहे. कँडीत पाय ठेवताच बेड्या पडल्या. राजा विमलधर्मसूर्य दुसरा हा बौद्ध होता आणि सुज्ञ होता. त्याने या हेरावर नजर ठेवली. पाहणाऱ्यांनी सांगितले की तो प्रार्थना करतो आणि सिंहली शिकतो, बाकी काही नाही. हळूहळू पहारा ढिला झाला. कैदेच्या आवारातच वाझ यांनी एक झोपडी उभारली, तिला पवित्र मरियेच्या नावे चर्च केले आणि तेथे मिस्सा सुरू झाली. कँडीत कैदी म्हणून आलेल्या पोर्तुगीजांचे वंशज होते, त्यांना अनेक वर्षांनी धर्मगुरू दिसला.

1696 मध्ये कँडीत दुष्काळ पडला. राजाने आपल्या भिक्खूंना पावसासाठी प्रार्थना करायला सांगितले. पाऊस आला नाही. मग त्याने वाझ यांना सांगितले. परंपरा सांगते की त्यांनी चौकात वेदी मांडली, क्रूस उभा केला आणि गुडघे टेकले, आणि धो धो पाऊस आला. ते आणि वेदी तेवढी कोरडी राहिली. विदर्भातल्या माणसाला पावसाची वाट पाहणे म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही. मृग लागून आठवडा झाला की आपली नजर आभाळाकडे असते. या चमत्काराविषयी आम्हाला विचारणारे विचारतात की खरेच वेदी कोरडी राहिली का. आमचे लक्ष दुसरीकडे जाते. राजाने त्यानंतर त्यांना राज्यभर फिरून धर्मसेवा करायची मोकळीक दिली, हे इतिहासात आहे. आणि मोकळीक मिळताच वाझ कोठे गेले? कँडीत सुरक्षित बसले नाहीत. वेष बदलून ते पुन्हा डचांच्या मुलखात, कोलंबोच्या कॅथलिकांकडे गेले.

1697 मध्ये गोव्याहून ओरेटरीचे आणखी धर्मगुरू मदतीला आले. त्यांत त्यांचे भाचे जोसेफ कार्व्हाल्यो होते. लगेच कँडीत देवीची साथ आली. कोरोनाचे पहिले महिने ज्यांनी पाहिले त्यांना साथीत शहर कसे होते ते सांगायला नको. राजा नगर सोडून गेला, धडधाकट माणसे पळाली, आजारी माणसांना रानात टाकून दिले गेले. वाझ आणि त्यांचे भाचे मागे राहिले. टाकून दिलेल्यांना गोळा केले, रिकामी घरे रुग्णालये केली, भिक्षा मागून अन्न आणले, जखमा धुतल्या, मेलेल्यांसाठी खड्डे खणले. बौद्ध असो, ख्रिस्ती असो. मरणाऱ्या ख्रिस्ती माणसाला संस्कार, सर्वांना पेज. सकाळी वेदीवर जे शरीर हातात घेतले त्याचीच सेवा दुपारी चालू आहे, असे त्यांना वाटत असले पाहिजे. एरवी इतका उबग आणणारे काम कोणाला इतके दिवस जमत नाही. साथ ओसरल्यावर राजाचा उरलासुरला संशयही गेला.

पुढची वर्षे मांडणीची. 1705 मध्ये आणखी धर्मगुरू आले, त्यांत दिवाडीचे फादर जाकोमे गोन्साल्व्हिस होते. सिंहली कॅथलिक साहित्याचे ते जनक मानले जातात. बेटाचे आठ विभाग केले, प्रत्येकाला एक धर्मगुरू. पण आठ माणसे सगळ्या गावांना कशी पुरणार? वर्षातून एकदा धर्मगुरू येणार, उरलेले दिवस काय? म्हणून गावोगाव सामान्य भाविकांतून अण्णावी आणि मुप्पू नेमले. अण्णावी प्रार्थना चालवी, मुलांना शिकवी, आजाऱ्यांपाशी बसे. मुप्पू गावच्या चर्चची जबाबदारी सांभाळी. धर्मगुरू आला की लोक तयार असत. आपल्याकडे रविवारचे धर्मशिक्षण देणाऱ्या बहिणी आणि तरुण आहेत, त्यांचे काम हेच. ते दुय्यम काम आहे असे कोणी समजू नये. कम्युनियनची भूक जागी ठेवण्याचे काम धर्मगुरूच्या गैरहजेरीतच होते.

त्यांना बिशप करण्याची बोलणी झाली. त्यांनी नकार दिला. गोव्याला ते परत कधीच गेले नाहीत. 16 जानेवारी 1711 रोजी कँडीत त्यांचे निधन झाले. साठी पूर्ण व्हायला तीन महिने होते. चोवीस वर्षांपूर्वी ते आले तेव्हा बेटावर एकही कॅथलिक धर्मगुरू नव्हता. गेले तेव्हा चरित्रकारांच्या हिशेबाने सत्तर हजारांच्या आसपास कॅथलिक संस्कारांच्या कक्षेत परतले होते. ओरेटरीचेच फादर सेबास्तियाँव द रेगो यांनी त्यांचे चरित्र लिहिले, ते 1745 मध्ये लिस्बनला छापले गेले. पोप जॉन पॉल दुसरे यांनी 21 जानेवारी 1995 रोजी कोलंबोत त्यांना धन्यवादित घोषित केले आणि पोप फ्रान्सिस यांनी 14 जानेवारी 2015 रोजी त्याच शहरात संतपद दिले. ते श्रीलंकेचे पहिले संत. गोवा आणि दमण आर्चडायोसिसचे ते आश्रयदाते आहेत. त्यांचा सण 16 जानेवारीला येतो.

कँडीतल्या चर्चमध्ये त्यांना पुरले, पण पुढे ते चर्च गेले आणि थडग्याची जागाही हरवली. आज त्यांच्या अवशेषांपुढे मेणबत्ती लावू म्हटले तर जागा नाही. चोवीस वर्षे जे लोकांच्या हातात ठेवत राहिले ते मात्र कँडीत, जाफन्यात आणि सिल्लालैत आजही रोज मिळते. येथेही मिळते.

पुढील आठवड्यापासून शनिवारी संध्याकाळी साडेपाच ते साडेसहा आम्ही पापनिवेदनासाठी चर्चमध्ये बसू. रात्रपाळी करून रविवारी सकाळी थेट कंपनीच्या गेटवरून येणाऱ्यांनी कपडे बदलायला घरी जाऊन मिस्सा चुकवू नये; कामाच्या गणवेशात यावे. घरात कोणी आजारी किंवा वृद्ध असेल आणि त्यांना चर्चपर्यंत येता येत नसेल, तर मिस्सेनंतर सॅक्रिस्टीत नाव सांगावे. पहिल्या शुक्रवारी आम्ही कम्युनियन घेऊन घरी येऊ. मेज स्वच्छ करून त्यावर पांढरे कापड आणि एक मेणबत्ती ठेवली की पुरे. चहा नंतर.